एल्मची खालची फूट

भाऊजी, त्या शुक्रवारी मुक्ताला तुम्ही दिसलात.

जेवायची वेळ झाली होती. बनेद अल-गारच्या आमच्या खिडकीतून समुद्र तर सोडाच, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. जानेवारीतलं कुवेतचं धुकं तुम्हाला काय सांगायचं! मुक्ता खिडकीशी उभी राहून केस विंचरत होती. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते म्हणून जिला तुम्ही "आली राणीची नात" म्हणायचात ना, तीच तुमची लाडकी मानलेली पुतणी. म्हणाली, "मम्मी, अंकल इज डाउनस्टेअर्स. वर का नाही येत?" मी ओट्याशी होते. बांगड्याच्या तिखल्यात तुम्ही गावाहून आणलेली तिरफळं टाकत होते. तिथूनच ओरडले, "झाडाचं कौतुक पुरे म्हणावं, निवतंय इथे!" आणि तुमचं ताट वाढलं.

ते ताट तसंच राहिलं. बायकोनं पिटाळलं म्हणून अविनाश खाली जाऊन बघून आला. कुणी नव्हतं. मग त्यानं तुमच्या मिरकाबमधल्या खोलीवर फोन लावला. खोलीतला कुणीतरी म्हणाला, "सो रहा है भाई, आज जुम्मा है ना." आम्ही हसलो. म्हटलं, बरं झालं, माणूस कधी नव्हे तो झोपलाय. आमची जेवणं उरकल्यावर परत फोन आला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पहाटेच गेला होता.

आता मला सांगा भाऊजी, मुक्तानं पाहिलं कोणाला?

मी तिला म्हटलं, अगं, झाड असेल ते. तुम्हाला आठवतं ना, आपला हारिस फतही, इमारतीची राखण करायची सोडून ज्याचा अर्धा दिवस चहात जायचा, तो धुळीच्या वादळात त्या झाडाला माणूस समजून सलाम करायचा. तुम्ही पोट धरून हसायचात. पण तो सलाम असायचा उन्हाळ्यात. तेव्हा झाड डोक्यापासून पायापर्यंत पानांनी भरलेलं असायचं, अंगभर कपडे घातलेल्या माणसासारखं. जानेवारीत त्याच्यावर एक पान नसतं. नुसता हिराचा खराटा उलटा रोवल्यासारखा दिसतो. मुक्ता म्हणाली, अंकलनी स्वेटर घातला होता. मी पुढे काही विचारलं नाही. मला भीती वाटली, खरंच सांगते.

तुमची माझी ओळख त्या झाडांनीच करून दिली. लढाई होऊन गेल्यावरची ती वर्षं, सगळं शहर डागडुजीला निघालं होतं. आमच्या घरमालकाला युरोपात कुठेतरी ही झाडं दिसली होती. अरुंद गल्लीत लावायची म्हणून मुद्दाम निवडून वाढवलेली एल्मची जात. सरळसोट, फांद्या बाजूला म्हणून जायच्या नाहीत, खोडाला चिकटून वर वर. कवेत मावेल एवढाच घेर आणि उंची मात्र मजल्या-मजल्याची. पानं लहान, गर्द, कडेला दातेरी आणि जराशी मुरडलेली. त्या वाळवंटात ही पाच झाडं उतरवून घ्यायला तुमच्या कंपनीनं तुम्हाला पाठवलं होतं. मी खिडकीत कपडे वाळत घालत होते आणि खालून अस्सल मालवणीतली शिवी ऐकू आली. क्रेनवाल्याला होती ती. नाशिकची बाई मी, मला शिवीचा अर्थ धड कळला नाही, पण महिनोन् महिन्यांत घराबाहेर कानावर पडलेली ती पहिली मराठी होती. मी वरून ओरडले, "अहो, चहा घेणार का?" तुम्ही वर पाहिलंत आणि असे लाजलात की बस! पुढे कितीतरी वर्षं त्यावरून मी तुम्हाला छळलं.

चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "वैनी, ह्यां झाड न्हय. तरंग हा." मला कुठलं ठाऊक तरंग! मग तुम्ही सांगितलंत. दसऱ्याला तुमच्या गावी देवाच्या उंच काठ्यांना लुगडी नेसवतात, त्यांना तरंग म्हणतात. त्यात देव येतो आणि काठी धरणाऱ्या माणसाला ती ओढत नेते. माणूस काठी चालवत नाही, काठी माणसाला चालवते. मी म्हटलं, पुरे हो, भरदुपारी घाबरवू नका. पण त्या दिवसापासून मी खाली पाहिलं की मला ती पाच लुगडी नेसलेली उभी दिसायची, आता चालायला लागतील अशी.

आणि मग तो दुसरा उन्हाळा. चार झाडं गेली. एकापाठोपाठ एक नाही हो, एकाच आठवड्यात चारही. चौघांचीही पानं शेंड्याकडून करपायला लागली आणि सारखीच खाली उतरत गेली. मी तुम्हाला म्हटलं, हे काही बरोबर नाही, वेगवेगळी झाडं अशी ठरवल्यासारखी कशी मरतात? तुम्ही म्हणालात, "वेगवेगळी खंयची? एकच आसा." कुठल्याशा परक्या देशात कधीकाळी असं एक झाड उगवलं. त्याच्याच काड्या कापून दुसऱ्या मुळांवर बांधल्या, त्या वाढल्यावर त्यांच्या काड्या, मग पुन्हा त्यांच्या. बीपासून हे झाड होत नाही. आपल्या हापूसच्या कलमासारखंच. म्हणजे जगात जिथे जिथे हे उभं आहे, तिथे तेच एक झाड उभं आहे. माझ्या अंगावर काटा आला होता. मी म्हटलं, "मग ही चार मेली ती कोण?"

"मेला कोणच नाय."

"अहो, समोर वाळून कोळ झालीयेत!"

"एक उभां आसा ना? मग कोण मेलां?"

हे आपलं भांडण. किती वर्षं चाललं! तुम्ही ताटावर बसलात की मी मुद्दाम काढायचे, "काय भाऊजी, चार मेली ना?" आणि तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरून वाद घालायचात. अविनाश वैतागायचा, म्हणायचा, तुम्ही दोघांनी वकील व्हायला हवं होतं. सुटलं का ते भांडण? नाही. तुम्ही तसेच उठून गेलात.

पाचवं का वाचलं, तेही तुमचंच डोकं. ते आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली, सावलीच्या अंगाला होतं. तुम्ही एसीच्या पाण्याची नळी लांबवून त्याच्या बुंध्याशी सोडलीत. झालं! त्या दिवसापासून आमचा एसी आमचा राहिला नाही. सुटीत नाशिकला जातानाही तो चालू ठेवून जायचा, नाहीतर तुम्ही तोंड फिरवून बसणार. थंडीत एसी बंद, मग दर शुक्रवारी जेवायच्या आधी तुमची बादली. बादली झाली की तुम्ही उकिडवे बसायचात आणि बुंध्याशी, जिथे कलमाच्या जोडाची गाठ होती, तिच्या खाली बोटं फिरवायचात. तिथे कोवळी फूट येऊ पाहायची. ती अंगठ्यानं चोळून टाकायचात. वर आलात की हात धुता धुता म्हणायचात, "खालचो उठलो होतो वैनी. परत निजवलंय."

मी विचारलं होतं, हा खालचा कोण? तर म्हणे, मूळ त्याचंच. कुठलातरी रानटी एल्म, ज्याच्या मुळावर हे बांधलंय. तो काही मेलेला नसतो, नुसता दाबलेला असतो. वरच्याचं लक्ष नाही असं दिसलं की डोकं वर काढतो. इतकी वर्षं मी त्या झाडाला खिडकीतून पाहत होते, आणि त्याच्या पायाखाली दुसरंच कुणीतरी जागं होतं. त्याचं पान कसं असतं तेही कुणी पाहिलेलं नाही, कारण तुमचा अंगठा. रात्री खिडकीचा पडदा ओढताना मला उगाच त्या खालच्याची आठवण यायची.

डिसेंबरात आपण शेवटचं भांडलो ते ह्यावरूनच. मी ठरवून बोलले नव्हते. तुमच्या मुलीचा फोटो तुम्ही दाखवलात, साडीतला, आणि मी म्हणून गेले, "भाऊजी, ही परकर नेसायची तेव्हाचा फोटो परवापरवापर्यंत तुमच्या पाकिटात होता. आता तरी घरी जा. तुम्ही त्या झाडासारखेच झालायत. नुसते वर वर. बाजूला एक फांदी म्हणून नाही." तुम्ही हसलात. "पुढच्या वर्षी," म्हणालात. दर वर्षीचं होतं ते. कधी घराचे चिरे, कधी मुलीचं कॉलेज, कधी भावाची बाग. मला राग आला. मी तुमच्याबरोबर खाली आले होते, तुम्ही फूट चोळत होता. मी म्हटलं, "एकदा वाढू द्या की त्या खालच्याला! बघू तरी कसं पान येतं." आणि भाऊजी, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर पहिल्यांदाच ओरडलात. "खालचो वाढलो की वरचो मेलो! समजता?" मग तुम्हालाच वाईट वाटलं. जाताना फाटकातून म्हणालात, "वैनी, पानां गळली म्हणून फतही तोडूक येतलो. मेलां नाय, निजलां हा, इतक्यां सांगा त्याका." दरवर्षी सांगायचात, म्हणून मी नुसती मान हलवली.

तुम्हाला गावी पाठवलं त्या दिवशी अविनाश विमानतळावर गेला होता. मी नाही आले. मला ती पेटी बघायची नव्हती.

दहाव्याला प्रभाताईंचा फोन आला. भर सकाळी. मागे नदीचा आवाज, माणसांचा आवाज. तुमच्या बायकोशी मी तोवर चार-दोन वाक्यांपलीकडे बोललेच नव्हते. त्या म्हणाल्या, "वैनी, कावळो शिवणा नाय." पिंड कधीचा ठेवला होता. चेडवाच्या, तुमच्या मुलीच्या, लग्नाचं सांगून झालं. भावानं बागेचं सांगितलं, वाटणी बरोबर करीन म्हणाला. प्रभाताईंनी स्वतः हात जोडून सांगितलं की माझी काळजी करू नका. कावळा समोरच्या माडावर बसलेला, सगळं बघतोय, पण उतरत नाही. "तुमी सांगा वैनी. तेंचा काय रवलां? तुमच्याकडे बोलत असतीत."

तुम्हाला माहीत आहे मी ह्या गोष्टींची किती टिंगल करायचे. कावळ्याला भूक नसेल, म्हणायचे. पण त्या क्षणी ते सगळं विसरले. मी खिडकीशी होते. खाली झाड उभं होतं, उघडं, काळं. म्हटलं, फोन त्या पिंडाकडे धरा. त्यांनी धरला असावा, कारण नदीचा आवाज मोठा झाला. आणि मी, नाशिकची शहाणी बाई, समुद्रापलीकडच्या एका भाताच्या गोळ्याशी बोलले. "भाऊजी, झाड तोडू देणार नाही. मी आहे. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडे कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. कावळा उतरला होता.

मला वाटलं प्रभाताई रडत रडत आभार मानतील. त्या म्हणाल्या, "तेंका झाड व्हयां होतां? आमी नाय?" आणि फोन बंद झाला.

भाऊजी, ह्याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं. मी काय सांगणार होते? की तुमचा नवरा दर शुक्रवारी माझ्या घरी जेवायचा आणि तुमचं नाव निघालं की पाण्याचा पेला उचलायचा? की त्यांना तुमची फार आठवण यायची? यायची हो, मला माहीत आहे, पण तुम्ही कधी एका शब्दानं म्हणाला नाहीत. त्या बाईनं इतकी वर्षं तुमची वाट पाहिली आणि शेवटी कावळा कशाला शिवला, तर कुवेतमधल्या एका झाडाला! मला तुमचा इतका राग आला. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्याशी मनातसुद्धा बोलले नाही.

पण शब्द दिला होता. फेब्रुवारीत फतही करवत घेऊन आलाच, बरोबर एक माणूस. मालकाला तिथे आणखी एक गाडी लावायला जागा हवी होती. मी गाऊनवर ओढणी घेऊन तशीच खाली धावले आणि झाडापुढे उभी राहिले. तुमच्याकडून शिकलेले अरबीतले दोनच शब्द मला येत होते. "मय्यित नहीं! नाएम, नाएम!" मेलेलं नाही, झोपलंय. फतही माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच कसंसं झालं. करवत त्यानं खाली ठेवली. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मदाम, कल सुबह धुंध में मैंने इसको सलाम किया. मुझे लगा, आपका भाई." पान नव्हतं हो एकही. त्यालाही ते आठवलं असावं, कारण तो झाडाकडे पाठ न करता, मागे मागे सरकत गेला.

तेव्हापासून मी खिडकीतून खाली बघायचं टाळायला लागले. कावळा शिवला होता ना? मग तुम्ही खाली का उभे होता? माझं चुकलं होतं का काही? तुम्हाला झाडाचं नकोच होतं का? ह्या विचारानं मला झोप लागेना. अविनाश म्हणाला, तू विश्वास ठेवत नव्हतीस तेच बरं होतं.

पाणी मात्र चुकवलं नाही. तुमचीच बादली. फेब्रुवारी सरला, हवा तापायला लागली. दरवर्षी ह्या सुमारास शेंड्याला हिरवी लव दिसायची. ह्या वर्षी शेंडा तसाच. मी म्हटलं, उशीर होत असेल. मग एका शुक्रवारी, दिवसाच्या लख्ख उजेडात, बादली ओतून मी तुमच्यासारखी उकिडवी बसले. आणि दिसली. जोडाच्या गाठीखाली फूट आली होती, बोटभर लांब, भराभर वाढलेली. तिची पानं मोठी, फिकी, सपाट. मुरडलेली नाहीत. इतकी वर्षं दाबून ठेवलेल्याचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझा अंगठा आपोआप पुढे गेला. मग थांबले. उभी राहून तुम्ही दाखवलं होतं तसं खोडाची साल नखानं खरवडली. डोक्याच्या उंचीवर, आत तपकिरी. कमरेशी, तपकिरी. गाठीच्या अगदी वर, तपकिरी, कोरडी. गाठीच्या खाली ओलं हिरवं.

हरलात भाऊजी. मेलं. तुमच्याबरोबर गेलं की नंतर, देव जाणे, पण मेलं. जगात आणखी कुठे कुठे तेच झाड उभं असेल, आता पालवलंही असेल. असू दे. माझ्या खिडकीखालचं मेलं, आणि मला त्याचंच रडू आलं. आपलं भांडण मी जिंकले आणि तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडले. फतही लांबून बघत होता, जवळ आला नाही.

वर येऊन मी प्रभाताईंना फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. जमेल तसं सांगितलं, की वरचं झाड गेलं, त्याला शब्द देऊनही मी राखू शकले नाही, आणि खालून दुसरंच काहीतरी उठलंय, जे तुम्ही दर शुक्रवारी चोळून टाकायचात. घरी जायचा विषय निघाला त्या दिवशी कसे चिडलात तेही सांगितलं. त्या देवगडच्या बागेत वाढलेल्या, त्यांना कलम समजावून सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "वरचां तुमचां होतां, वैनी. खालचां आमचां. तां खुडू नकात."

नाही खुडणार, भाऊजी. तुमचा अंगठा आता नाही, आणि माझा मी आवरीन. मालकाला सांगून अविनाशनं वरचं वाळलेलं खोड गाठीच्या वर कापून घेतलं. तोडलं नाही, मूळ शाबूत आहे, म्हणजे माझा शब्दही मोडला नाही. तिथे आता काठी नाही. फूट वाकडी वाढतेय, आजच तिनं बाजूला दोन फांद्या काढल्यात. मुक्ता तिला "अंकल्स बेबी" म्हणते. एसीची नळी मी परत नीट लावलीय.

आज शुक्रवार. सकाळपासून धूळ आहे, फाटक दिसत नाही. मी तिखलं केलंय, पण ताटं तीनच वाढलीत. तुम्ही असाल खाली, तर ऐका. झाडाचं मी बघते. प्रभाताई वाट बघतायत. उभे राहू नका तिथे, भाऊजी. घरी जा.